रिपोर्ट नॉर्मल, मग हे कसं झालं?

हृदय आणि रक्तवाहिन्यांविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं, आणि प्रश्नांपेक्षा रिपोर्टच जास्त आले. ईसीजीच्या पट्ट्या आल्या, लिपिड प्रोफाइल आले, एकांनी तर अँजिओग्राफीची सीडीच पाठवली. रिपोर्ट वाचून औषध सांगणं या पानावरून होत नाही आणि होऊही नये. त्यासाठी समोर बसवून तपासणारा डॉक्टर हवा. पण बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच प्रश्न होता, कुणी सरळ विचारलेला, कुणी आडून: ‘मला काही होणार नाही ना?’ असं लिहून देणारी तपासणी अजून निघालेली नाही. म्हणून ज्यांना उत्तर आहे असे प्रश्न निवडले. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : माझं वय ४७. माझ्या साडूंनी मार्चमध्ये ट्रेडमिल टेस्ट करून घेतली, ती नॉर्मल आली. मे महिन्यात त्यांना हार्ट अटॅक आला. घरचे आता माझ्या मागे लागलेत की सगळ्या तपासण्या करून घे. साडूंची टेस्ट चुकीची होती का? आणि कोणती तपासणी केली म्हणजे खात्री पटेल?

उत्तर : टेस्ट चुकीची नव्हती. तिला जे विचारलं होतं त्याचं तिनं बरोबर उत्तर दिलं. ते तुम्हाला हवं असलेलं उत्तर नव्हतं, एवढंच. पट्ट्यावर चालवून आपण हृदयाला विचारतो, ‘जास्त रक्ताची गरज पडली तर आज ते मिळतं का?’ धमनी साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली असेल तर मिळत नाही आणि ईसीजी बदलतो. त्याहून कमी अडथळा असेल तर टेस्ट बहुधा नॉर्मलच येते.

नळात गंज साचत जातो आणि एक दिवस नळ बंद पडतो, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते काढून टाका. चरबी पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत शिरते. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण अस्तराखाली जाऊन अडकतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात, तिथेच मरतात. या मऊ गाळावर तंतूंचं आवरण तयार होतं. भिंत बाहेरच्या बाजूला पसरून जागा करून देते, त्यामुळे पोकळी बरीच वर्षं जवळपास होती तेवढीच राहते आणि माणसाला काहीही जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी ते आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते गुठळी करतं, आणि बघता बघता धमनी बंद होते. फाटलेली जागा त्याआधी निम्मीसुद्धा अरुंद नसू शकते. तुमच्या साडूंच्या बाबतीत असंच घडलं असण्याची शक्यता मोठी आहे.

हे चाळिशीत सुरू होतं असंही नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत या रोगाच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. लढाईला पाठवण्याइतकी धडधाकट मुलं होती ती.

तेव्हा ‘आज अडथळा आहे का’ यापेक्षा ‘धमन्या किती वर्षं काय सोसताहेत’ हा प्रश्न जास्त कामाचा. मी कोणताही आकडा ऐकला की त्याला वर्षांनी गुणते. एलडीएल १६० आहे? किती वर्षं? बीपी १४५ आहे? कधीपासून? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकच्या बहुतांश धोक्याचा हिशेब नऊ गोष्टींत लागला. धूम्रपान, कोलेस्टेरॉलमधला बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. यातलं एकही मोजायला मोठं यंत्र लागत नाही.

तुम्ही काय करावं? बीपी नीट मोजा, लिपिड प्रोफाइल आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) करा, कमरेला टेप लावा. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. (साडू यात धरत नाहीत. रक्ताचं नातं हवं.) आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला चरबी वाहणारा कण तपासून घ्या. तो अनुवंशाने येतो, दर पाच माणसांत एकाचा जास्त असतो, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. एवढं करूनही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, घ्यावं की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं अडलं, तर सीटी स्कॅनवर धमन्यांमधलं कॅल्शियम मोजता येतं. पण ‘आमच्याकडे सगळी पॅकेजं आहेत’ म्हणणाऱ्याकडे सुरुवात करू नका.

प्रश्न : माझी बीपी दवाखान्यात १५० दाखवते, घरच्या मशीनवर कधी १२८, कधी १४४. डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात. मला काहीही त्रास होत नाही, डोकंही दुखत नाही. एकदा गोळी सुरू केली की सवय लागते असं ऐकलंय. वय ५३, पुरुष.

उत्तर : डोकं दुखत नाही हा पुरावा मी बाद ठरवते. रक्तदाबाला लक्षण नसणं हेच त्याचं लक्षण, असं आमचे एक शिक्षक म्हणायचे.

आधी मोजण्याचं बोलू, कारण तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटेल. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. दंड उघडा, पट्टा शर्टावरून नाही, आणि हात टेबलावर असा की दंड छातीच्या पातळीत येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा दहानं वाढू शकतो, बोलत असाल तरी वाढतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर मशीन जास्तच दाखवणार. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं घ्या. सकाळी गोळी-नाश्त्याआधी दोनदा आणि रात्री दोनदा, मधे एक मिनिट सोडून, असं आठवडाभर मोजा. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. कागदावर सगळे आकडे लिहायचे, आवडलेले तेवढेच नाहीत! १२८ लिहिणारे आणि १४४ ‘चुकून आला’ म्हणून सोडणारे मी खूप पाहिले.

घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर तो उच्च रक्तदाब. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकेत तर ही रेघ १३०/८० वर आहे. सरासरी कमी आली तर तुमची बीपी डॉक्टरला पाहून चढते. तरीही वर्षातून एकदोनदा हा आठवडा पाळावा लागेल, कारण अशा माणसांत पुढे खरी बीपी निघण्याचं प्रमाण जास्त असतं.

रेघ कुठेही ओढली तरी धोका रेघेवर सुरू होत नाही. दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ साली आलेल्या विश्लेषणात दिसलं की चाळिशी ते सत्तरीत वरचा आकडा ११५च्या पुढे दर २० नं वाढला की पक्षाघात आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १३५ला तुम्ही ‘नॉर्मल’ नाही, ११५वाल्याच्या दुप्पट धोक्यात आहात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी द्यायची. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञानं त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होती आणि हृदय थकलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वांत सामर्थ्यवान देशाचा राष्ट्राध्यक्ष, आणि त्याला देण्यासारखं बीपीचं चांगलं औषधच जगात नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा ३००/१९० होता. वय ६३. आज जी गोळी तुम्हाला नको आहे, ती तेव्हा असती तर?

‘सवय लागते’ हे खरं नाही. गोळी बंद केली की बीपी पुन्हा वाढते, कारण ती मुळात वाढलेलीच होती. वजन उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली, चालणं वाढलं, तर डोस कमी होतो, काहींची गोळी सुटतेही. पण ते डॉक्टरांनी सोडवायचं, तुम्ही परस्पर नाही. पहिल्या गोळीनं पाय सुजले, कोरडा खोकला आला, उठताना चक्कर आली, तर सांगा. औषधांचे दुसरे गट आहेत.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, मधुमेह नऊ वर्षं. एलडीएल १४२. डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं. महिनाभर घेतलं, मांड्या दुखायला लागल्या, म्हणून बंद केलं. मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओंत सांगतात की स्टॅटिनमुळे लिव्हर जातं, स्मरणशक्ती जाते आणि कोलेस्टेरॉल कमी करणं हाच घोटाळा आहे. खरं काय?

उत्तर : ते व्हिडिओ मलाही येतात. कुटुंबाच्या ग्रुपवर येतात, आणि पाठवणाऱ्यांत माझ्या एक वन्सं आहेत, ज्या स्वतः स्टॅटिन घेतात.

हे औषध बुरशीतून आलं. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींचे अर्क तपासले आणि १९७३ साली पेनिसिलियमच्या एका जातीत कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवणारं द्रव्य त्यांना सापडलं. बाजारात पहिलं स्टॅटिन १९८७ ला आलं. पण त्यानं माणसं जगतात का, हे ठरलं १९९४ ला, हृदयविकार झालेल्या ४,४४४ रुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत. पाच-एक वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र केल्यावर हिशेब असा निघतो की एलडीएल साधारण ३९ नं उतरवलं की हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. घोटाळा असेल तर तो फारच जणांनी, फारच देशांत, एकमेकांना न विचारता केलेला दिसतो.

आता तुमच्या मांड्या. दुखल्या नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण २०२० साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक प्रयोग ऐका. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली हे गोळीवरून कळायचं नाही. रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी, स्टॅटिनच्या महिन्यांत जास्त. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांतही जवळपास तेवढाच जास्त. त्रास खरा होता, पण त्याचा ९० टक्के भाग गोळी घेण्यातून आला होता, औषधातून नाही. हे पाहिल्यावर निम्म्या जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

उरलेला भाग औषधाचा असतो, तोही सोडून द्यायचा नाही. सीपीके नावाची, स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी करा, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघा, दुसरं कोणतं औषध स्टॅटिनशी भांडतंय का ते डॉक्टरांना तपासू द्या. मग कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन. तरी जमलं नाही तर एझेटिमाइब नावाची वेगळी गोळी आहे, इंजेक्शनं आहेत. लघवी तपकिरी झाली किंवा पायांतलं बळ गेलं तर मात्र थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते फार विरळा घडतं. लिव्हरला गंभीर इजाही विरळाच. साखर किंचित वाढते हे खरं आहे, आणि मधुमेहाच्या उंबऱ्यावर असलेल्यांना त्याचा फरक पडतो. तुम्ही तो उंबरा नऊ वर्षांपूर्वी ओलांडला. मधुमेह असताना १४२ एलडीएल घेऊन औषधाशिवाय राहणं, हे मला मांड्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

प्रश्न : वय ७४. हृदयाचा काहीही आजार नाही. शेजारी रोज बेबी ॲस्पिरिन घेतात, रक्त पातळ राहतं म्हणे. मीही घेऊ का?

उत्तर : नको. मुख्यतः ७० आणि त्यापुढच्या वयाच्या १९,११४ लोकांवर, बहुतेक ऑस्ट्रेलियात आणि काही अमेरिकेत, याच प्रश्नाची चाचणी झाली. निकाल २०१८ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांना हृदयविकारापासून म्हणण्याजोगं संरक्षण मिळालं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना आधी हार्ट अटॅक, पक्षाघात झालाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांचं गणित वेगळं, त्यांनी हे वाचून गोळी सोडू नये. शेजाऱ्यांना स्टेंट आहे का, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : आमचे हे रोज एक पाकीट सिगारेट ओढायचे. आता दोन सिगारेटींवर आलेत आणि म्हणतात, ‘नव्वद टक्के सोडली, धोकाही नव्वद टक्के गेला.’ वय ५१. त्यांना काय सांगू?

उत्तर : पाकिटावरून दोनवर येणं सोपं नाही, त्यासाठी त्यांचं कौतुक आधी करा. मग सांगा की फुप्फुसाच्या कॅन्सरबाबत हा हिशेब काही प्रमाणात चालतो, हृदयाबाबत अजिबात चालत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना वीस ओढणाऱ्यांच्या जवळपास निम्मा जादा धोका असल्याचं दिसलं. बायकांत साधारण एक तृतीयांश. कारण रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट व्हायला आणि धमन्यांचं अस्तर बिघडायला धुराचा थोडा अंशही पुरतो. म्हणून घरात दुसऱ्याच्या धुरात बसणाऱ्यालाही हृदयविकार होतो. हे तुमच्यासाठी.

आता त्यांना आवडेल असा हिशेब. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचीच १९५१ पासून ५० वर्षं नोंद ठेवली गेली. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांना ती दहाच्या दहा जवळपास परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तुमच्या यजमानांच्या खात्यावर आज सहाच्या आसपास वर्षं आहेत, ती दर वर्षी घटताहेत.

शेवटच्या दोन सिगारेटी बहुधा ठरलेल्या वेळच्या असतात: एक सकाळची, एक जेवणानंतरची. त्या निकोटिनच्या आहेत. निकोटिन गम, पॅच किंवा व्हेरेनिक्लिनसारखी गोळी यासाठीच असते, आणि इच्छाशक्तीच्या जोडीला औषध घेणं यात कमीपणा नाही. सोडली की वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. सिगारेटऐवजी तोंडात तंबाखू धरणं ही सुटका नव्हे. निकोटिन तेच, आणि हृदयावरचा भार उरतोच.

प्रश्न : माझं वय ३४. तीन वर्षांपूर्वी गरोदरपणात बीपी वाढली, लघवीतून प्रोटीन गेलं, सिझर लवकर करावं लागलं. नंतर बीपी नॉर्मल झाली. बाळ छान आहे. आईला बीपी आहे. मला पुढे काही काळजी घ्यावी लागेल का? तेव्हा कुणी काही सांगितलं नाही.

उत्तर : या पत्राचं मी खास स्वागत करते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या फार कमी भेटतात आणि ज्यांना विचारायला हवा त्या पुष्कळ आहेत.

तुम्हाला झालं ते प्रीएक्लॅम्प्सिया. बाळंतपण झालं की ते संपतं अशी समजूत आहे. बीपी खाली येते, पण गरोदरपणानं तुमच्या रक्तवाहिन्यांची एक परीक्षा घेऊन ठेवलेली असते आणि तिचा निकाल पुढे उपयोगी पडतो. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका तीन-चार पट, हृदयविकार आणि पक्षाघाताचा साधारण दुप्पट. लवकर, म्हणजे दिवस भरण्याआधी बाळंतपण करावं लागलं असेल तर आणखी जास्त. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तसंच: पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका सात पटींच्या घरात. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांनीही स्वतःला या यादीत धरावं.

दुप्पट ऐकून घाबरू नका. चौतिशीत मूळ धोका फार लहान असतो, त्याची दुप्पटही लहानच. फायदा असा की तुम्हाला वीस वर्षं आधी कळलंय. वर्षातून एकदा बीपी, दर काही वर्षांनी लिपिड आणि साखर, गरोदरपणात वाढलेलं वजन उरलं असेल तर ते उतरवणं. पुन्हा मूल हवं असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना मागचं सांगा. बाराव्या आठवड्यापासून कमी डोसचं ॲस्पिरिन देतात, ते वरच्या ७४ वर्षांच्या आजोबांना नाही म्हटलं तेच. आणि पुढे कुठल्याही डॉक्टरांनी ‘काही जुना आजार?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणू नका. हे सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

प्रश्न : साध्या मिठाऐवजी गुलाबी मीठ वापरलं तर बीपीला चालतं का?

उत्तर : रंग सोडला तर त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे. खनिजं असतात, पण इतकी थोडी की ती पुरेशी मिळायला तुम्हाला मीठच वाटीनं खावं लागेल.

मीठ बदलायचंच असेल तर ज्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम घातलंय ते घ्या. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर हे करून पाहिलं. बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे बीपीवाले. निम्म्या गावांना साधं मीठ, निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. पाचेक वर्षांत त्या गावांतले पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. कुणाला उपदेश करावा लागला नाही, चव फारशी बदलली नाही. प्रतिबंधाचे असे उपाय मला सर्वांत आवडतात. मात्र किडनीचा आजार असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या (नावं शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या, तसंच स्पायरोनोलॅक्टोन) चालू असतील, तर विचारल्याशिवाय नको. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

आणि दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळ्या मिठाची आहे: शिजवताना घातलेलं, वरून घेतलेलं, आणि पाकिटातून, पावातून, सॉसमधून न कळत आलेलं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा. बसून काम. घड्याळ रोज दहा हजार पावलं मागतं, माझी सहा हजारच होतात. मग वाटतं, कशाला चालायचं?

उत्तर : तू माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. दहा हजार हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होतं. तो आकडा चिकटला. नंतर झालेल्या अभ्यासांत फायदा त्याच्या खूप आधी सुरू झालेला दिसतो. अगदी कमी चालणारा थोडं जास्त चालला तर त्याला सर्वांत जास्त मिळतं, आणि तुझ्या वयात आठ ते दहा हजारांच्या पुढे आलेख सपाट होत जातो. सहा हजार म्हणजे नापास नव्हे.

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसलेला ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढणारा कंडक्टर यांची तुलना संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी सौम्य. व्यायामाचं विज्ञान तिथून सुरू झालं असं म्हणतात. मला मात्र मॉरिस जास्त आवडतात ते त्यांच्या पुढच्या कामासाठी: तीन वर्षांनी त्यांनीच दोघांच्या गणवेशांची मापं तपासली आणि दाखवलं की ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत आधीपासूनच मोठ्या होत्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर असा प्रश्न कोण उभा करतो!

आठवड्याला दीडशे मिनिटं असं चाल की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दोन दिवस वजनं उचल किंवा जोर-बैठका काढ. आणि एकदा बीपी मोजून ये. सव्विसाव्या वर्षी मोजणारे थोडे असतात.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, जुने बीडी ओढणारे, मधुमेह आहे. थोडं चाललं की डावी पोटरी भरून येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. वयानुसार असेल म्हणून आम्ही तेल लावतो.

उत्तर : तेल थांबवा असं नाही, पण आठवडाभरात त्यांना दाखवा. ठरावीक अंतरावर दुखणं आणि थांबल्यावर जाणं, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं नेमकं लक्षण आहे. घोट्याची आणि दंडाची बीपी मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर निदान पक्कं. (मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, तेव्हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, मग पायाच्या अंगठ्याची बीपी किंवा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघण्याची तपासणी.) पायात जे झालंय ते हृदयात आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही असण्याची शक्यता मोठी, म्हणून स्टॅटिन आणि गुठळी रोखणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांचा विचार डॉक्टर इथे नक्की करतील. बीडी आज बंद.

चालणं मात्र बंद करू नका. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी. तीन महिन्यांत अंतर वाढतं. मधुमेह आहे म्हणून पावलं रोज तळव्यासकट बघा, अनवाणी फिरू देऊ नका. रात्री झोपेत पाय दुखू लागला, बोटावर जखम झाली आणि ती भरत नसेल, तर आठवडा थांबायचं नाही, दुसऱ्या दिवशी जायचं. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला तर लगेच निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.